दोन दुनळ्या, जागा एकच: लिएजवाली ठेवायची की बर्मिंगहॅमवाली?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी दोन घोड्याच्या (म्हणजे बाहेर हातोडी असलेल्या) जुन्या दुनळी बंदुका होत्या, काका गेल्यापासून दोन्ही डीलरकडे जमा आहेत. दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, लायसन्सवर आधीच एक रायफल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला हत्यारं दोनच, वारशाने आली तरी दोनच. म्हणजे जागा एक आणि बंदुका दोन. काकू म्हणतात आजोबांचीच ठेवायची, दादा म्हणतो जी दिसायला भारी ती ठेवू, आणि मला विचारलं कारण जुन्या लोखंडात हात काळे करायची खोड घरात मलाच आहे. ग्वाल्हेरात असा पेच पडलेली घरं अजूनही असतील म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. "अहो शंभर वर्षं जुनी अँटिक वस्तू, तिला कसलं लायसन्स" असं महाराज बाड्यावर चहा पिणारा कुणीही सांगेल, ते ऐकू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे खरी, पण फक्त अशांना जी दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाहीत. आपल्या दुनळीत १२ बोअरचं काडतूस बसतंय, घोडा पडतोय, म्हणजे ती बंदूकच, आणि तिची दुरुस्तीही लायसन्सवाल्या कारागिराकडूनच करायची. नळी कापून आखूड करणं तर सरळ गुन्ह्यात जातं.

आता बंदुका. आजोबांची चकचकीत, आरशासारखी, लांबून बघाल तर तीच उचलाल. काकांची काळपट, दस्ता तेलाने काळा पडलेला, एका चापाजवळ गंज. दादाचा कल अर्थातच पहिलीकडे होता. मी म्हटलं थांब, आधी दोन्ही उघडून नळ्या रिकाम्या आहेत ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ (हे दर वेळी, डीलरने सांगितलं तरी), मग फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचा हाताने धरायचा लाकडी तुकडा, काढून नळ्या वेगळ्या कर आणि उलट्या धर. खरी कुंडली तिथे खाली असते, वरच्या पट्टीवर नसते. वरच्या पट्टीवर कोरलेलं नाव कित्येकदा नुसतं दुकानदाराचं असतं.

आजोबांच्या बंदुकीवर वर एक झकास इंग्रजी नाव, आणि खाली काय निघालं तर लंबगोलात ईएलजी, त्याच्यावर मुकुट, आणि शेजारी खांबासारखी एक छोटी खूण. म्हणजे बेल्जियममधलं लिएज, आणि मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरची. इंग्रजी नाव निव्वळ गिऱ्हाइकासाठी, नामांकित मेकरच्या नावाशी मिळतंजुळतं नाव टाकून त्या काळी अशा बंदुका पुष्कळ विकल्या गेल्या. याचा अर्थ बंदूक वाईट असा नाही, लिएजचे कारागीर नळ्या बनवण्यात उस्ताद होते, इंग्रज मेकरही त्यांच्याकडून नळ्या मागवायचे.

काकांच्या बंदुकीवर वर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचं नाव, हो तीच रॉडा जिचा माल २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी पळवला, ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार गोळ्या. दादाला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा बदलला. पण रॉडा विकणारे. खाली मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाउस (बंदुकांच्या नळ्या तपासून शिक्का मारणारी संस्था), आणि पत्त्यातल्या चौकटच्या आकारात १२ आणि सी. ही चौकट १८८७ पासून आली, आणि राजदंडाऐवजी बीपी-बीव्ही ही अक्षरं १९०४ पासून, म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली. साल असं दोन्ही बाजूंनी आवळत आणायचं, एका खुणेवरून ठोकून द्यायचं नाही.

दोन्हीच्या नळ्या दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या सळया एकत्र पिळून, त्याची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली नळी, म्हणून ती लहरींची नक्षी. साध्या नळीवर वरून नक्षी उमटवलेला नकली मालही असतो, संशय आला तर फोर-एंडखाली झाकल्या जाणाऱ्या भागात भिंग लावून बघा. काकांच्या बंदुकीवर नक्षी फिकट पण सगळीकडे आहे. आजोबांच्या बंदुकीवर नाहीच, कारण वीसेक वर्षांपूर्वी एका कारागिराने ती बफच्या चाकावर धरून "नवी" करून दिली होती. नक्षी परत काढता येते, तो प्रश्न नाही, पण बफने घासलेलं लोखंड कुठून आणणार? कारागिराने गेज लावलं तर नळीच्या पत्र्याची जाडी एका ठिकाणी ०.४३ मिमी भरली. साधारण अर्धा मिमी, म्हणजे २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), ही खालची हद्द मानतात. काकांची सगळ्यात पातळ जागी ०.७. माझ्या लेखी निकाल इथेच लागला.

तरी बाकीचं सांगतो. नळ्या आकड्याला लटकवून लाकडी काठीने हलकेच टकटक केली तर काकांची देवळातल्या घंटेसारखी वाजली, आजोबांची खरखरली, म्हणजे दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी कुठेतरी सुटलीये. ही पट्टी डाखाने जोडलेली असते, म्हणून कुणी "गरम ब्लूइंग करून देतो" (म्हणजे उकळत्या क्षारात बुडवून नळ्यांना निळसर-काळा रंग) म्हणाला तर बंदूक उचलून घरी या, त्यात डाख खलास होतो. दमास्कसला हळूहळू गंज चढवून घासायची जुनी थंड पद्धतच लागते. नळ्या बसवून उजेडासमोर धरल्या तर आजोबांचीत नळ्या आणि मागच्या सांगाड्यामध्ये फट दिसते, काकांचीत नाही. घोड्यांचंही तसंच, काकांचीत घोडा पडून आपोआप थोडा मागे येतो (स्टँटनचं १८६७ चं पेटंट), आजोबांचीत तो काडतुसावर आपटणाऱ्या पिनवरच बसून राहतो, उघडण्याआधी हाताने अर्ध्या खटक्यावर आणावा लागतो, विसरलात तर पिन मोडते.

लाकडात मात्र आजोबांची जिंकते. अक्रोडाचा रेषारेषांचा दस्ता, एकही तडा नाही. काकांचीत लॉकच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, मागे केसासारखी चीर आहे आणि लाकूड तेल पिऊन मऊ झालंय, आपल्याकडचा ४५ डिग्रीचा मे आणि मागोमाग पावसाळा, ती चीर वाढणारच. पण ते दुरुस्त होतं, ॲसिटोन आणि खडूच्या भुकटीने तेल ओढून काढायचं, चीर चिकटवायची, मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. पॉलिश पेपर शक्यतो नको, लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलं की ते परत वर येत नाही.

खर्च विचारला तर लिएजवालीचा दुप्पट, आणि एवढं करून पातळ नळी पातळच राहणार. बर्मिंगहॅमवालीला मी फक्त लॉक उघडून सफाई, चीर, आणि तेलात बुडवलेल्या सगळ्यात बारीक स्टील वूलने गंज, एवढंच सांगितलं. नळ्यांचा रंगसुद्धा नको. आणि कारागिराला आधीच विचारा, स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर आहे का, तो त्याच्या हातात दिसला नाही तर नमस्कार करून निघा.

चालवायचं काय? दोन्हीवर नायट्रो प्रूफ (आधुनिक दारूसाठी नळी तपासल्याची खूण) नाही, दोन्ही जुन्या काळ्या दारूच्या. खडकीची शक्तिमान काडतुसं आधुनिक दारूची, बसतात म्हणून टाकायची नाहीत. भाच्याने लगेच लग्नात "एकच बार" काढायचा विषय काढला, त्याला सांगितलं की त्या एका बाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय बोटं वेगळी.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. आजोबांना खांद्यावर तीच बंदूक घेऊन बघितलेलं त्यांनी, त्यांना ०.४३ काय सांगणार. तुमच्या घरी बंदूक फक्त भिंतीवर किंवा कपाटात राहणार असेल आणि आठवण एवढी मोठी असेल तर पातळ नळीवाली ठेवा की, माझं काही म्हणणं नाही, फक्त तिच्यावर पैसे घालू नका. दादाने बर्मिंगहॅमवाली लायसन्सवर चढवायचा अर्ज दिलाय, दुसरीला लायसन्सवाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती डीलरकडेच. तिचा चामडी पट्टा तेवढा काकूंनी काढून घेतलाय, पट्ट्याला लायसन्स लागत नाही.