सनरूफचा ड्रेन ब्रश: पुढच्या नळ्यांना चांगला, मागच्यांना अपुरा

पावसाळा आला की ऑनलाइन दुकानांत 'सनरूफ ड्रेन क्लीनर' नावाचा ब्रश दिसू लागतो. लवचिक स्प्रिंगची लांब तार आणि टोकाला नायलॉनचे केस, एवढाच प्रकार. लांबी दीड मीटर किंवा तीन मीटर. पैसे वाया जात नाहीत, पण हा ब्रश जादूची कांडीही नाही.

मुळात सनरूफचं रबर सगळं पाणी अडवण्यासाठी नसतंच. काचेच्या कडेने थोडं पाणी झिरपणार हे धरूनच खाली पन्हळ दिलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, बारीक नळ्या छत पेलणाऱ्या, काचांच्या कडेच्या खांबांमधून खाली उतरतात. गुलमोहर, शिरीष, चिंच यांची चिमुकली पानं आणि धूळ मिळून त्यांच्या तोंडाशी चिखलाचा बूच तयार होतो. मग पन्हळ भरते आणि पाणी छताच्या कापडातून, आतल्या दिव्यातून किंवा पायाशी उतरतं. फक्त पायाशीच ओल असेल आणि कोरड्या दिवशी एसी लावल्यावरही येत असेल, तर आधी एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तपासा. सनरूफ निर्दोष असण्याची शक्यता मोठी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पन्हळ न पुसता थेट ब्रश घालणं. कचरा वरून आत ढकलला जातो आणि बूच आणखी घट्ट बसतो. आधी काच पूर्ण उघडून, टॉर्च धरून, पन्हळ व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफ करावी. मग ब्रश हलक्या हाताने फिरवत फिरवत सोडायचा. अडला की जोर न लावता बाहेर काढायचा, केस पुसायचे आणि पुन्हा घालायचा. पुढच्या नळ्या बहुधा दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत उघडतात, तिथपर्यंत दीड मीटर सहसा पुरतो. मागच्या नळ्या बहुधा थेट बंपरच्या आत जातात. मोठ्या गाडीत तिथे हा आखूड ब्रश अर्ध्यावरच थांबतो, म्हणून घ्यायचा तर तीन मीटरचाच.

अरुंद नळीत मात्र ब्रशचे केस दट्ट्यासारखे वागतात: कचरा खरवडण्याऐवजी पुढे रेटतात. तिथे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी सरस ठरते. शेती अवजारांच्या दुकानात मिळते. २ ते २.४ मिमी जाडीची, गोल, गुळगुळीत घ्यावी आणि टोक लायटरने किंचित वितळवून बोथट करावं. वेटोळं सुटत नसेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्यावी. हँगरची लोखंडी तार कधीच नको. ती नळीला भोक पाडते आणि मग गळती खांबाच्या आत सुरू होते.

टायरवाल्याकडची हवा मारणं हा आणखी एक आवडता उपाय. नळी वरच्या तोटीवर बहुधा नुसती दाबून बसवलेली असते, जोराच्या हवेने ती निसटते. मग छताचं कापड उतरवावं लागतं. खांबांत आणि छताच्या कडेला पडदा एअरबॅग (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर ते घरी करायचं काम नव्हे.

खालचं तोंड विसरू नये. काही गाड्यांत तिथे चीर असलेली रबरी टोपी असते. वरून ब्रश रेटला तर ती निघून पडते, त्यामुळे ती खालूनच चिमटीत दाबून मोकळी करावी. गंज टाळण्यासाठी गाडीखाली मारलेल्या कोटिंगने तोंड बुजलेलंही सापडतं. तिथे वरून कितीही ब्रश फिरवा, उपयोग शून्य.

काम झाल्यावर प्रत्येक कोपऱ्यात २५० मिली पाणी हळूहळू ओता. त्याच बाजूने खाली धार लागली पाहिजे. नुसते थेंब पडत असतील तर नळी अर्धीच मोकळी झाली आहे. धार लागूनही आत ओल येत असेल तर निसटलेली नळी, तडकलेली पन्हळ किंवा पॅनोरमिक (जवळपास पूर्ण काचेच्या) छताच्या स्थिर काचेचं सुटलेलं चिकटवण यांपैकी काहीतरी आहे. तिथे ब्रशचं काम संपलं. काचेच्या कडेने सिलिकॉन सीलंट भरणं हा तर उपायच नव्हे. गालिच्याखालचा फोम मात्र उचलून वाळवावा, वरून कोरडा दिसला तरी तो पाणी धरून ठेवतो.

मे अखेरीस एक फेरी पुरते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला श्रावणात दुसरी हवी. खरेदी करताना तारेचं टोक प्लॅस्टिकने बंद आहे ना ते बघा, उघडं असेल तर ब्रश परत पाठवा.