द्राक्षबागेतल्या लॉगरवर यूबीआय आणि यूबीएफएस: एका हंगामानंतरचा अनुभव

निष्कर्ष आधी सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. कंट्रोलर नसलेली नुसती नँड फ्लॅश (लाइट गेली तरी माहिती धरून ठेवणारी चिप) आणि तिच्यावर लिनक्स कर्नलमधलं त्रिकूट, म्हणजे फ्लॅशशी बोलणारं एमटीडी, ब्लॉक सांभाळणारं यूबीआय आणि फाइली सांभाळणारं यूबीएफएस, आम्ही ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतकडच्या बागांमधल्या लॉगरवर, म्हणजे हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या यंत्रांवर, चालवलं. फाइल सिस्टिम बिघडली म्हणून एकही यंत्र काढून आणावं लागलं नाही. मात्र इथवर पोचायला जो वेळ गेला तो जवळजवळ सगळा ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करण्याची सोय) आणि डिव्हाइस ट्री (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) जुळवण्यात गेला. त्यामुळे तुम्हीही वेळ कुठे राखून ठेवायचा, हे आधीच ठरवा.

यंत्र साधं आहे. आर्म प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, १२८ एमबीची एसएलसी (एका पेशीत एकच बिट ठेवणारी) नँड. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती वेळ ओलं राहिलं याची नोंद दर १० मिनिटांनी होते आणि रेंज मिळेल तशी ती फोरजीवरून जाते. पान ओलं राहण्याचे तास हा यातला सगळ्यात मोलाचा आकडा, कारण डावणी रोगावरची फवारणी आज घ्यायची की थांबायचं, हे बागायतदार त्यावर ठरवतो. ऐन पोंगा अवस्थेतल्या, म्हणजे कोंब फुटण्याच्या काळातल्या, एका रात्रीच्या नोंदी उडाल्या तर त्याला अंदाजाने औषध मारावं लागतं. म्हणून इथे स्टोरेजला महत्त्व.

आधीच्या यंत्रांत एसडी कार्ड होतं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळ्यांनी मिळते, मध्येच ट्रिप होते, डीपीवर फ्यूज जातो. कार्डाच्या आतला कंट्रोलर आपल्या मर्जीने डेटा इकडून तिकडे हलवत असतो आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर ज्या फाइलला आपण हातही लावला नव्हता तीही जाते. कार्डाच्या आत काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही, हा माझा त्यावरचा मुख्य आक्षेप. नुसत्या नँडवर हे सगळं काम कर्नल करतो, म्हणून ते दिसतं, मोजता येतं आणि बदलता येतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. एमटीडी म्हणजे ब्लॉक डिव्हाइस नव्हे. इथे वाचायचं एकक पान, पुसायचं एकक ब्लॉक. आमच्या चिपवर पान २०४८ बाइटचं आणि त्याला ६४ बाइट जादा जागा. अशी ६४ पानं मिळून १२८ केबीचा ब्लॉक. असे १०२४ ब्लॉक. पूर्वी यावर जेएफएफएस२ ही फाइल सिस्टिम वापरत. यूबीआय २००७ मध्ये कर्नल २.६.२२ मध्ये आलं, यूबीएफएस २००८ मध्ये २.६.२७ मध्ये. यूबीएफएस नोकियाच्या इंजिनिअरांनी हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाच्या मदतीने लिहिलं. खराब ब्लॉक सांभाळणं आणि सगळे ब्लॉक सारखे झिजवणं हे यूबीआयचं काम, फाइली सांभाळणं यूबीएफएसचं. ही वाटणी फार चांगली आहे. गडबड झाली की ती कोणाच्या अंगणात झाली हे लॉगवरून लगेच कळतं.

आता ईसीसी. चिपच्या डेटाशीटप्रमाणे दर ५१२ बाइटमागे ८ बिट दुरुस्त करता आले पाहिजेत. बीसीएच या दुरुस्तीच्या पद्धतीत त्याला १३ बाइट लागतात. एका पानात असे ४ तुकडे, म्हणजे ५२ बाइट. ६४ मधून खराब ब्लॉकच्या खुणेचे २ सोडले तरी आरामात बसतं. कागदावर हिशेब एवढाच. पण बोर्डासोबत मिळालेल्या सामानात यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) ८ बिटांवर होतं आणि कर्नल ४ बिटांवर. दोघे आपापलं लिहिलेलं बिनबोभाट वाचतात. एकाचं दुसऱ्याला मात्र वाचता येत नाही. कर्नलमधून नवी प्रतिमा (फ्लॅशवर भरायची तयार फाइल) लिहिली, रीबूट केलं, की यू-बूट प्रत्येक पानावर ईसीसी चुकल्याची ओरड करतं. चिप शंभर टक्के ठीक असते, आणि माणूस चिप बदलायला सोल्डरिंग गन हातात घेतो.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे एकच डेटा दोन्हीकडून एकेका पानावर लिहायचा, ती पानं जादा बाइटांसकट उतरवून घ्यायची आणि शेजारी ठेवून बघायची. डेटा सारखा आणि शेपटीतले बाइट वेगळे दिसले की भांडण ईसीसीचं. मग डिव्हाइस ट्रीमध्ये नँड-ईसीसी-स्ट्रेंग्थ ८ आणि नँड-ईसीसी-स्टेप-साइझ ५१२ असं स्पष्ट लिहायचं, यू-बूटच्या कॉन्फिगमध्येही तेच, आणि बूट झाल्यावर सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींतून दाखवतो ती जागा) ईसीसी_स्ट्रेंग्थ खरंच ८ दाखवतंय का ते बघायचं. काही ड्रायव्हर तुमचं लिहिलेलं ऐकत नाहीत, म्हणून बघायचंच.

दुसरा त्रास बोर्डासोबत आलेल्या त्याच जुन्या कर्नलमध्ये होता आणि तो जास्त छुपा होता. पुसलेलं पान म्हणजे सगळीकडे एफएफ, सगळे बिट १. त्यातला एखादा बिट आपोआप पडला, म्हणजे १ चा ० झाला, तर ईसीसी हार्डवेअरला ते पान दुरुस्त न होणारं वाटतं, कारण त्याचा ईसीसी कधी लिहिलेलाच नसतो. ड्रायव्हरने अशा वेळी शून्य झालेले बिट मोजून, ते मर्यादेत असतील तर पान रिकामं समजायला हवं. जुन्या ड्रायव्हरमध्ये ही तपासणी नव्हती, त्यामुळे लाइट गेल्यानंतर माउंट करताना यूबीएफएस रिकामी जागा बिघडल्याचं सांगून अडून बसायचं. मूळ लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या कर्नलवर गेलो आणि हा प्रश्न संपला. बोर्डासोबत आलेलाच कर्नल धरून बसू नका, असं मी कळकळीने सांगेन. त्यात वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या आलेल्या नसतात.

मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायची यादी) फार काही नाही. रूट फाइल सिस्टिम यूबीएफएसवर असेल तर एमटीडी, नँड कंट्रोलरचा ड्रायव्हर, यूबीआय आणि यूबीएफएस हे मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधा. पार्टिशन एकाच ठिकाणी लिहा. आम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये फिक्स्ड-पार्टिशन्स ठेवली आणि कमांड लाइनवरची व्याख्या काढून टाकली. फास्टमॅप (यूबीआयची जोडणी लवकर उरकणारा पर्याय) सुरू केलं नाही, कारण १२८ एमबी चिपवर जोडणीला लागणारा वेळ तसाही कमीच असतो.

एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. यूबीआय खराब ब्लॉकांसाठी दर १०२४ ब्लॉकांमागे २० राखून ठेवतं आणि हा हिशेब पार्टिशनवर नाही, अख्ख्या चिपवर होतो. म्हणजे कर्नल, रूट आणि डेटा यांची तीन वेगळी पार्टिशन करून प्रत्येकावर स्वतंत्र यूबीआय बसवलं तर प्रत्येक जण २०-२० ब्लॉक, म्हणजे अडीच-अडीच एमबी, अडवून ठेवतो. शिवाय झीजही तेवढ्याच तुकड्यात फिरते. एकच मोठं यूबीआय करून आत व्हॉल्यूम, म्हणजे कप्पे, पाडा. आमच्याकडे कर्नल स्टॅटिक व्हॉल्यूममध्ये आहे, रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं आणि नोंदी वेगळ्या व्हॉल्यूममध्ये जातात.

लाइट जाण्याबद्दल. यूबीएफएस स्वतः लाइट गेल्यावर सावरतं. लॉगमध्ये रिकव्हरी लागली आणि पूर्ण झाली अशा दोन ओळी दिसतात, त्यांना घाबरू नये. पण तुमच्या प्रोग्रामने लिहिलेला डेटा रॅममध्ये ३० सेकंदांपर्यंत पडून राहू शकतो, तो वाचवणं फाइल सिस्टिमच्या हातात नाही. सेटिंगची फाइल बदलताना तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे डेटा रॅममधून फ्लॅशवर उतरवा), मग नाव बदला. एफसिंक गाळला तर लाइट गेल्यावर नाव नवं आणि आत शून्य बाइट अशी फाइल सापडू शकते. अंबडच्या वर्कशॉपमध्ये आम्ही टायमरवर रिले लावून रात्ररात्र पुरवठा तोडत राहिलो. एफसिंक असलेल्या आवृत्तीत फार तर शेवटची नोंद गेली, आधीची एकही नाही.

दर नोंदीला एफसिंक केलं तर फ्लॅश लवकर मरेल, अशी शंका हमखास विचारली जाते. हिशेब करून बघा. दिवसाला १४४ नोंदी, प्रत्येकीला निदान एक पान, म्हणजे २८८ केबी. एका ब्लॉकमध्ये यूबीआयच्या दोन हेडरची पानं वगळून १२४ केबी उरतात, म्हणजे रोज अडीच ब्लॉकसुद्धा नाहीत. इंडेक्स आणि जर्नलचं लिखाण धरून हे कितीतरी पट केलं तरी १०२४ ब्लॉकांत वाटलं जातं. आमच्या चिपला डेटाशीटवर १ लाख वेळा पुसण्याची मुभा आहे आणि हंगाम संपताना पुसण्याची सरासरी अजून दोन आकड्यांतच होती. जास्तीत जास्त आणि कमीत कमी आकड्यांत फरक दिसला तरी गैर नाही. यूबीआय हा फरक ४०९६ पर्यंत चालवून घेतं.

झिजण्यापेक्षा लक्ष ठेवायचं ते बिट पडण्यावर. ८ बिटांच्या ईसीसीला कर्नल उंबरठा ६ चा धरतो. एखाद्या तुकड्यात तितके बिट दुरुस्त करावे लागले की यूबीआय तो ब्लॉक दुसरीकडे हलवतं आणि लॉगमध्ये तसं लिहितं. पण जे वाचलंच जात नाही त्यातले पडलेले बिट कोणाला दिसणार? म्हणून आठवड्यातून एकदा सगळे व्हॉल्यूम आम्ही नुसते वाचून डेव्ह-नलला टाकतो, म्हणजे वाचलेलं फेकून देतो. तसंच दुरुस्त झालेल्या बिटांचे सिसएफएसमधले आकडे रीबूटला पुन्हा शून्यावर येतात, तेव्हा ते रोज नोंदींसोबत सर्व्हरला पाठवा. दिंडोरीकडच्या एका यंत्रात हे आकडे इतरांपेक्षा चढते दिसले. ते टिनाच्या पेटीत, दुपारच्या उन्हात होतं. पेटी मांडवाच्या सावलीत सरकवल्यावर चढ थांबला. एसडी कार्डावर मला हे कधीच कळलं नसतं.

निफाडच्या थंडीत वेगळाच प्रसंग आला. पहाटे पारा उतरला की एक यंत्र आपोआप रीबूट व्हायचं आणि बागायतदार काकांचा सकाळी फोन, "दादा, दवाचा आकडा आलाच नाही." इथे रॅमूप्स कामाला आलं. डिव्हाइस ट्रीमध्ये रॅमचा छोटा भाग राखीव ठेवायचा. कर्नल कोसळताना शेवटच्या ओळी तिथे टाकतो आणि वॉचडॉगने (अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करणारा टायमर) रीबूट झाल्यावर त्या पीस्टोअरमध्ये फाइल म्हणून मिळतात. त्यात मोडेमच्या यूएसबी ड्रायव्हरचं नाव स्पष्ट होतं, फ्लॅशचा संबंधच नव्हता. बूटलोडर तो भाग पुसत नाही ना, एवढं तपासा. लाइट पूर्ण गेली तर रॅमबरोबर हेही जातं. त्यासाठी फ्लॅशवर लिहिणारं एमटीडी पीस्टोअर आहे.

तक्रारी आहेतच. मोकळी जागा किती हा यूबीएफएसचा आकडा कॉम्प्रेशनमुळे अंदाजच असतो, त्यावर जुन्या नोंदी पुसण्याचा नियम बेतू नका. माहिती विखुरलेली आहे. आणि कारखान्यात प्रतिमा भरणं हा डोकेदुखीचा भाग. चिप प्रोग्रॅम करून देणारं मशीन एफएफने भरलेली पानंही लिहून टाकतं. यूबीएफएसला ती पानं रिकामी वाटतात, ते त्यांवर पुन्हा लिहितं आणि ईसीसी बिघडतो. नवीकोरी यंत्रं पहिल्याच दिवशी रडायला लागतात. प्रतिमा बनवणाऱ्या एमकेएफएस.यूबीएफएसला मोठ्या एफचा पर्याय दिला की पहिल्या माउंटला ही मोकळी जागा नीट करून घेतली जाते. बाकडावर प्रतिमा भरताना फ्लॅश_इरेझ न वापरता यूबीआयफॉरमॅट वापरा, नाहीतर ब्लॉक किती वेळा पुसले याची नोंद जाते.

छोट्या यंत्रासाठी एसपीआय नॉर या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅशवर जाणार असाल तर एक सूचना. कर्नलमध्ये ४ केबी सेक्टरचा पर्याय मुळात चालू असतो आणि यूबीएफएसला निदान १५ केबीचा ब्लॉक लागतो. तो पर्याय बंद करून ६४ केबीवर जा, किंवा जेएफएफएस२ घ्या. एमएलसी नँड (एका पेशीत एकाहून जास्त बिट ठेवणारी) स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, यूबीआय ती थेट स्वीकारत नाही.

कॅमेऱ्याची छायाचित्रं साठवायची, काही जीबी जागा हवी, तर हा मार्ग तुमचा नव्हे. तिथे ईएमएमसी (आतच कंट्रोलर असलेली फ्लॅश) आणि ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम घ्या, पण कार्डासारखं न बघता सोडू नका: ईएमएमसी ५.० पासून पुढच्या चिपांचा, किती आयुष्य वापरलं हे सांगणारा, लाइफ_टाइम आकडा सिसएफएसमध्ये मिळतो. तो १० टक्क्यांच्या पायऱ्यांनीच सरकतो, तरी रोज पाठवायच्या आकड्यांत त्याला जागा द्या.