मेंढीकोटासाठी प्लॅस्टिकचा कॅट घ्यावा का?

गणपतीत मांडवात रात्र जागवणाऱ्यांसाठी पुण्यातल्या तुळशीबाग, बोहरी आळीत प्लॅस्टिकचे पत्ते आता सर्रास मिळतात. किंमत कागदी कॅटाच्या दुप्पट-तिप्पट. रमीसाठी एवढे पैसे घालवू नयेत. मेंढीकोट या चौघांच्या पत्त्यांच्या खेळासाठी मात्र घालवावेत, आणि त्याचं कारण बंद हुकूम. हुकमाचं पान उपडं ठेवलं की कुणाकडे उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचा, रंग संपून तो 'हुकूम खोला' म्हणेपर्यंत ते सगळ्यांसमोर पडून असतं. कोपरा दुमडलेला असेल तर ती बदामाची राणी आहे हे चौघांनाही ठाऊक असतं, मग बंद कसला?

पावसाळ्यात कागदी पानं फुगतात, कडा सुटतात. प्लॅस्टिकचं पान वाकवून सोडलं की सरळ होतं, चहा सांडला तरी ओल्या फडक्याने पुसता येतं.

कागदी कॅट आणखी एका कारणाने फितूर होतो. त्याच पत्त्यांवर घरात पाच-तीन-दोन खेळतात. त्यात एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची 28 आणि इस्पिक-बदामाच्या सत्त्या, अशी 30 पानंच लागतात. उरलेली 22 डबीत कोरी राहतात. काही महिन्यांनी मळकी पाठ म्हणजे मोठं पान, स्वच्छ पाठ म्हणजे दुर्री-तिर्री, हे न बघताही कळतं. प्लॅस्टिकची पाठ पुसली की हा फरक बराचसा जातो.

आता खोट. नवी पानं एकमेकांना चिकटतात. मेंढीकोटात आधी पाच, मग चार-चार पानं वाटतात. त्यात जोडपान गेलं की एकाकडे 14 आणि दुसऱ्याकडे 12. म्हणून उतारी होण्याआधी प्रत्येकाने आपली 13 मोजावीत. दुसरं, ही पानं घसरतात. मेंढ्या, म्हणजे दश्श्या, दोन-दोन झाल्या तर डाव सात हात करणाऱ्यांचा, त्यामुळे प्रत्येक हात आडवा-उभा रचावा लागतो. काचेच्या टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर ढीग सरकून हात एकमेकांत मिसळतात आणि सहा की सात यावरून भांडण ठरलेलं. खाली सतरंजी हवीच.

घेताना पाकिटावरचं माप बघा. 57 मिलिमीटर रुंदीची पानं घ्या; 63 ची तेरा पानं लहान हातात पसरत नाहीत. दश्शीचा आकडा मात्र पाकीट फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि दुकानदार फोडू देत नाही! काही कॅटांत '10' इतकं चेपून छापलेलं असतं की पानं पंख्यासारखी धरली की फक्त 1 दिसतो. ज्या खेळात सगळी मारामारी चार दश्श्यांची, तिथे ही चूक महागात पडते. पाकिटावरच्या चित्रात आकडे ठळक असतील तोच कॅट उचला.

तुमच्याकडे कट हुकूम खेळत असतील, म्हणजे उतारीचा रंग नसलेल्याने टाकलेलं पहिलं पानच हुकूम ठरत असेल, तर उपडं पान ठेवायचंच नसतं. मग कागदी कॅट घ्या आणि फाटला की बदला.