स्वगणना आणि प्रगणकांची भेट: नाशिकच्या इंदिरानगरमधून माझा अभिप्राय

पाचपैकी पाच तारे. जनगणना २०२७ च्या पहिल्या टप्प्यातली स्वगणना, म्हणजे आपली माहिती आपणच संकेतस्थळावर भरणे, मी मराठीतून, साध्या मोबाइलवर पूर्ण केली. त्यानंतर प्रगणक, म्हणजे घरोघरी माहिती घेणाऱ्या मॅडम घरी येऊन तिची खातरजमाही करून गेल्या. महाराष्ट्रात स्वगणनेची सोय १ ते १५ मे २०२६ अशी होती, आणि आता १४ जूनपर्यंत घरोघरी भेटी चालू आहेत. ज्यांच्याकडे अजून कुणी आलेले नाही त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. २००१ आणि २०११, दोन्ही जनगणनांना माझी ड्यूटी लागली होती. भर उन्हात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन फिरायचे, दारावर घर क्रमांक टाकायचा, ब्लॉकचा नजरी नकाशा हाताने काढायचा आणि रात्री घरी बसून बेरजा जुळवायच्या. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे माणसांचा गट असतो. त्यातल्या प्रत्येक दारात तेच प्रश्न पहिल्यापासून विचारायचे असतात, आणि निम्म्या दारांना कुलूप असते. म्हणून लोक स्वतःची माहिती आधीच भरू शकणार हे कळले तेव्हा मला पहिल्यांदा त्या प्रगणकांचेच बरे वाटले.

एसई डॉट सेन्सस डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर राज्य निवडायचे, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि मोबाइल क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी तिथेच भरायचा. मग जिल्हा, पिनकोड, आणि नकाशावर आपल्या घराची खूण. ही खूण मात्र घाईत करू नये. आमच्याकडे एकाला एक लागून सोसायट्या आहेत, दोन गल्ल्यांत सारखीच नावे आहेत. नकाशा बोटाने मोठा करून खूण नेमकी आपल्या इमारतीवर आणली की प्रगणकाला आपले दार सापडायला मदत होते. शेवटी सगळी उत्तरे एकदा वाचायला मिळतात, ती पाठवली की एक स्वगणना क्रमांक येतो. तो मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. प्रगणक मॅडम आल्या तेव्हा तो सांगितला, त्यांनी भरलेली माहिती माझ्याकडून पडताळून घेतली, दोन गोष्टी विचारल्या आणि निघाल्या. चहालासुद्धा थांबल्या नाहीत, पुढची घरे होती. ज्यांनी स्वगणना केलेली नाही त्यांचे काही अडत नाही. प्रगणक स्वतःच्या मोबाइलवर तेच प्रश्न विचारून भरून घेतात.

प्रश्न ३३ आहेत. घराची जमीन, भिंती आणि छप्पर कशाचे, घर स्वतःचे की भाड्याचे, पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकाचा गॅस, इंटरनेट, टीव्ही, गाडी. पगार, बँक खाते, आधार यांतले काहीही त्यात नाही. कागदपत्रही दाखवावे लागत नाही. जातीबद्दल या टप्प्यात एवढेच विचारतात की कुटुंबप्रमुख अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती की इतर. सगळ्यांची जातवार नोंद दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे.

काही प्रश्न वाटतात तेवढे सरळ नाहीत. 'खोल्या किती' हा त्यातला पहिला. आपण 'टू बीएचके' म्हणून मोकळे होतो, पण इथे राहण्याच्या, झोपण्याच्या खोल्या मोजायच्या असतात. फक्त स्वयंपाकासाठी असलेले स्वयंपाकघर, मोरी, पॅसेज आणि एरवी राहायला न वापरली जाणारी गॅलरी त्यात धरायची नाही. हॉल धरायचा. दाटीवाटीने राहणे किती आहे हे याच उत्तरावरून आणि विवाहित जोडप्यांच्या संख्येवरून कळते. म्हणून 'घरात विवाहित जोडपी किती' या प्रश्नाला संकोचायचे कारण नाही. एका खोलीत तीन पिढ्या राहत असतील तर ते आकड्यांत दिसले पाहिजे.

दुसरा प्रश्न कुटुंब कशाला म्हणायचे याचा. जनगणनेत कुटुंब ठरते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. सिडकोत आणि सातपूरला कितीतरी घरांत थोरला भाऊ खाली, धाकटा वर, आणि गॅस दोन असतात. आईवडील मोठ्या मनाने सांगतात, 'आम्ही सगळे एकच आहोत.' प्रेमाने एकच आहात हे खरे, पण दोन चुली असतील तर नोंद दोन कुटुंबांची. भाडेकरू असेल तर त्याची वेगळी. २०११ ला या एका मुद्द्यावर मला ओट्यावर बसून आज्यांची समजूत घालावी लागायची.

आणि घरात मुख्य धान्य कोणते खातात, हाही एक प्रश्न आहे. आमच्याकडे यावर चांगलीच चर्चा झाली. माझे माहेर येवल्याचे, मला बाजरी लागते. सुना गव्हाच्या पोळ्या करतात. शेवटी रोज जास्त काय लागते ते बघून गहू भरला. पेठ-सुरगाण्याकडे हाच प्रश्न विचारला तर नागली आणि भात ऐकू येईल. एकाच जिल्ह्यात ताटे इतकी वेगळी आहेत, ते नोंदले जाते आहे याचा मला फार आनंद वाटला.

आता भीतीबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारले की ओटीपी द्यायचा का, माहिती पोलिसांकडे किंवा इन्कम टॅक्सकडे जाते का. ओटीपी आपण स्वतः संकेतस्थळावर भरायचा, फोनवर किंवा दारात कुणालाही सांगायचा नाही. आलेल्या माणसाचे ओळखपत्र बघायला मागा, प्रगणकाला त्याचा राग येत नाही, मला कधीच आला नव्हता. कायद्याचे म्हणाल तर जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार या नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी मला ड्यूटीच्या प्रशिक्षणात कळली आणि कायमची लक्षात राहिली: रूढीप्रमाणे नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बाईला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. भद्रकालीतल्या एका वाड्यात मला अशा आजी भेटल्या होत्या. त्यांनी नाव घेतले नाही, नातवाला हाक मारली, त्याने सांगितले. माणसाचा मान राखून माहिती घ्यायची हे या कामात पहिल्यापासून आहे. म्हणून मी शेजारणींना म्हणते, निर्धास्तपणे खरे सांगा.

हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते आहे? आपण आजही २०११ च्या आकड्यांवर जगतो आहोत. त्या वेळी नाशिक महापालिका हद्दीत १४,८६,०५३ लोक मोजले गेले आणि जिल्ह्यात ६१,०७,१८७. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. जानेवारी २०२६ मधली महापालिकेची निवडणूक झाली तीही २०११ च्या लोकसंख्येवर केलेल्या प्रभागांत, १२२ जागांसाठी. अन्नसुरक्षा कायद्यातला राज्याचा रेशनचा कोटाही त्याच आकड्यांवर बेतलेला आहे. मधल्या काळात पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, मखमलाबाद या भागांत केवढ्या इमारती उभ्या राहिल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले. तिथे राहायला आलेल्या माणसांना पाणी आत्ता लागते, शाळा आत्ता लागते. कागदावर मात्र त्यांतले बरेच जण अजून आलेलेच नाहीत.

सुटतात ते नेहमी ठरावीक लोक. कॉलेज रोडला खोली घेऊन राहणारी मुले, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीने जाणारे आणि दिवसा झोपलेले कामगार, बांधकामावर राहणारी कुटुंबे. मुलांना वाटते आपली मोजणी गावाकडे होईल, गावाकडच्यांना वाटते ती नाशिकला झाली. घरमालकांनी त्यांना एवढे एकदा विचारावे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचे कुटुंब पार्किंगमागच्या खोलीत राहते. प्रगणक मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना तिकडे घेऊन गेले. त्यांची चूल वेगळी, त्यामुळे नोंदही स्वतंत्र झाली. त्या माउलीने 'आमचं पण लिहितात का?' असे विचारले, तेव्हा मला भरून आले.

फेब्रुवारीच्या टप्प्याची काळजी मला जास्त आहे. दिंडोरी-निफाडला द्राक्षांची खुडणी तेव्हा ऐन भरात असते आणि पेठ-सुरगाण्याची कितीतरी आदिवासी कुटुंबे मजुरीला बागांवर उतरलेली असतात. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या नोंदीनुसार दर चार माणसांमागे एक जण अनुसूचित जमातीचा आहे. ही माणसे पाड्यावर नाहीत आणि बागेतही नाहीत असे व्हायला नको. बागाईतदारांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रगणक आल्यावर शेडवरच्या कुटुंबांकडे त्यांना स्वतः घेऊन जा, आणि मजुरांनाही आधी समजावून ठेवा की ही मोजणी त्यांचीसुद्धा आहे.

सध्या करायचे ते असे. स्वगणना केली असेल तर क्रमांक घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा, कारण प्रगणक येतील तेव्हा तुम्ही कामावर असाल. केली नसेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाला वरचे प्रश्न सांगून ठेवा. आणि जूनचा दुसरा आठवडा लागला तरी दारात कुणी आले नाही, तर शहरात महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात आणि गावात तहसीलदार कार्यालयात जाऊन आमचे घर राहिले आहे असे स्वतः सांगा. शेजारच्या बंद घराबद्दल माहीत असेल तर तेही सांगा.