नव्या लेआऊटमधले गार्डन: पाचपैकी अडीच

बेळगावात साईट (घरासाठीचा प्लॉट) घेणारा रस्त्याची रुंदी बघतो, दिशा बघतो, कॉर्नरसाठी भांडतो. गार्डन मात्र माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रावरच मान्य करतो. त्याचे पैसे चौरस फुटाच्या दरात केव्हाच धरलेले असतात. तेव्हा विकत घेतलेल्या वस्तूसारखेच ते पारखावे.

जमिनीच्या बाबतीत गुण द्यावेच लागतील. कर्नाटक नगर विकास प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्राधिकरणाच्या योजनेत किमान १५ टक्के क्षेत्र उद्याने व क्रीडांगणांसाठी, त्याशिवाय १० टक्के नागरी सुविधांसाठी राखावे लागते. म्हणजे गार्डनला एकरी सहा गुंठे. खासगी लेआऊटमध्ये मंजूर नकाशा हाच पुरावा, आणि तो कन्नडमध्ये असतो. ‘उद्यानवन’ लिहिलेला तुकडा तेवढा गार्डनचा; ‘नागरिक सौलभ्य निवेशन’ म्हणजे सीए (सिव्हिक अमेनिटी, नागरी सुविधेची) साईट, ती पुढे शाळेला किंवा एखाद्या संस्थेला जाऊ शकते. एजंटाचे बोट मात्र दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने वळते! नकाशावरची मापे जागेवर टेप लावून तपासा. नाल्याचा उतार किंवा हायटेन्शन तारेखालची पट्टी गार्डनच्या वाट्याला आली असेल, तर गुंठे भरतात पण मुलांना खेळायला जागा उरत नाही. रस्ते आणि उद्यान नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित झाले का, तेही बघा. नुसत्या तोंडी ‘दिलंय हो’वर जाऊ नका.

पैशांची बाजू लंगडी आहे. कर्नाटकच्या नगररचना कायद्याच्या कलम १८-अ मध्ये विकासाची परवानगी देताना घ्यायचे उपकर-अधिभार नावानिशी येतात: पाणीपुरवठा, रिंग रोड, झोपडपट्टी सुधारणा, जलद वाहतूक. त्यात उद्यान नाही. कॅलिफोर्नियात क्विम्बी कायद्याखाली नव्या वसाहतीकडून दर हजार रहिवाशांमागे तीन ते पाच एकर उद्यान, किंवा जमिनीऐवजी फी घेता येते. पण तो पैसाही उद्यान उभारायला किंवा सुधारायलाच. रोजच्या देखभालीला वापरता येत नाही. एकरकमी फीचा हा दोष तिथेही सुटलेला नाही. कुंपण, फरसबंदी, झोपाळे पहिल्या वर्षी झोकात होतात. माळ्याचा पगार दर महिन्याला लागतो.

खरी परीक्षा मार्च ते मे. दहा हजार चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरमागे पाच लिटर धरले तरी दिवसाला साडेचार हजार लिटरच्या वर, जवळजवळ पाच हजारी टँकर! तेवढ्याच जागेत शंभर रोपे, प्रत्येकी १५ लिटर, आठवड्यातून दोनदा: आठवड्याला तीन हजार लिटर. त्यामुळे लॉन दाखवणाऱ्यापेक्षा करंज, कडुनिंब, जांभूळ, बकुळ लावणाऱ्या बिल्डरला आमचा कौल. गुलमोहर फोटोत छान दिसतो, पण वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतो, झोपाळ्याजवळ नकोच.

एक छोटी तपासणी सगळ्यात स्वस्त. बोअरवेलच्या पेटीवरचा हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, टिपून घ्या आणि बिल कोणाच्या नावावर येते ते विचारा. ते बिल्डरच्या नावावर असेल, तर शेवटची साईट विकेपर्यंतच पंप चालेल असे धरून चला.