आठ महिने डॉकर: लॉगला आवर घातला नाही तर डिस्क खाऊन टाकतो

गेल्या आठवड्यात पहाटे साडेचारला मोबाइलवर सूचना आली की सर्व्हर उत्तर देत नाहीये. लॉगिन झालं. फाइलचं अर्धं नाव टाइप करून टॅब दाबला, तर शेल तिथेच अडला. तात्पुरती फाइल बनवता येत नाही, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. ४० जीबीची डिस्क काठोकाठ भरली होती, आणि माझ्या हिशोबाने ती अर्धीसुद्धा भरायला नको होती.

हा सर्व्हर डॉकरवर चालतो, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्याच्या इन्स्टॉलेशनबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उबुंटूचं स्वतःचं पॅकेज न घेता मी डॉकरची अधिकृत रिपॉझिटरी जोडली. तिची सही तपासणारी की कीरिंग्ज फोल्डरमध्ये टाकली, इंजिन, कमांड लाइन, कंटेनरडी, बिल्डएक्स आणि कंपोज अशी पाच पॅकेजेस घेतली, हॅलो-वर्ल्ड चालवून पाहिलं. दहा मिनिटांत काम झालं. आठ महिन्यांत बारा कंटेनर झाले आणि अपडेटने एकदाही त्रास दिला नाही.

तर जागा गेली कुठे? डीयू (फोल्डरचा आकार सांगणारी कमांड) लावत लावत डॉकरच्या कंटेनर्स फोल्डरपर्यंत पोचले. तिथे एकच फाइल २६ जीबीची: एका कंटेनरचा लॉग, म्हणजे तो जे काही छापतो त्याची नोंदवही. शेवटच्या ओळी पाहिल्या आणि उलगडा झाला. पाच महिन्यांपूर्वी मी रांगेच्या (कामं ओळीने लावून ठेवणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता बदलला होता. ती कामं उरकणाऱ्या एका छोट्या वर्कर कंटेनरला तो सांगायचा राहिला. तो बिचारा दर सेकंदाला जुन्या पत्त्यावर जोडणी मागत होता आणि दर वेळी साधारण २ केबीची त्रुटी लिहीत होता. म्हणजे दिवसाला १७० एमबी, दीडशे दिवस, सलग.

घाईत मी ती फाइल सरळ आरएम केली, म्हणजे पुसून टाकली. डिस्कची मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफचा आकडा जागचा हलला नाही! फाइल ज्याने उघडून धरली आहे तो ती सोडत नाही तोवर लिनक्स जागा मोकळी करत नाही, हे एरवी मला पाठ आहे, पण त्या घटकेला आठवलं नाही. कंटेनर थांबवला तेव्हा कुठे २६ जीबी परत मिळाले. कंटेनरची यादी देणाऱ्या डॉकर पीएसला आकार दाखवायला सांगितलं तरी त्यात लॉगची जागा धरत नाहीत, त्यामुळे मी अधूनमधून बघायचे तेव्हा सगळं ठीकच दिसायचं.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टचं उत्तर आलं ते एका ओळीचं: मोठ्या डिस्कचा प्लॅन घ्या. काय भरलंय हे विचारलंसुद्धा नाही. एकच ओळ लाखो वेळा साठवण्यासाठी मी दर महिन्याला जास्तीचं भाडं भरणार नाही, असं स्पष्ट कळवलं.

डॉकरवरच्या रागात दोन दिवस पॉडमन हे तसंच दुसरं साधन वापरून पाहिलं. कायम चालणारा डेमन (पार्श्वभूमीवरचा प्रोग्राम) नाही, रूट (सर्वाधिकारी) नसलेल्या युजरला कंटेनर चालवता येतात, हे मनापासून आवडलं. पण साध्या युजरला १०२४ च्या खालचे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) सहज मिळत नाहीत, आणि कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या माझ्या सगळ्या कंपोज फाइल्स पुन्हा तपासत बसावं लागलं असतं. परत फिरले.

आणि मग डॉकरचं लॉगिंगचं पान शांतपणे वाचलं. दोष डॉकरचाच, हे माझं मत इथे मला बदलावं लागलं. ठरलेला जेसन-फाइल ड्रायव्हर (लॉग साठवणारा भाग) आपणहून लॉग फिरवत नाही, म्हणजे जुन्या नोंदी टाकून नवी फाइल सुरू करत नाही, तो मुख्यतः जुन्या आवृत्त्यांशी मेळ राहावा म्हणून ठेवलाय, इतरांनी लोकल ड्रायव्हर वापरावा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. लोकल ड्रायव्हर २० एमबीच्या पाच फाइल्स ठेवतो, म्हणजे कंटेनरमागे १०० एमबी, आणि जुन्या फाइल्स आवळून ठेवतो. इन्स्टॉलच्या दिवशी ते पान मी वाचलंच नव्हतं.

आधी मी जेसन-फाइललाच मर्यादा घालून पाहिली. डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, डेमन डॉट जेसनमध्ये, मॅक्स-फाइलसमोर (किती फाइल्स ठेवायच्या) नुसता ३ लिहिला आणि डॉकर सुरूच होईना. तो आकडासुद्धा अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. शेवटी लोकलच ठेवला. पण खरी मेख पुढे आहे: नवी सेटिंग फक्त नव्या कंटेनरना लागते. जुना कंटेनर रीस्टार्ट करून उपयोग नाही, तो नव्याने तयार करावा लागतो. मी कंटेनर कंपोजने फोर्स-रीक्रिएट केले आणि प्रत्येकाला इन्स्पेक्ट लावून लॉगकॉन्फिग, म्हणजे लॉगची सेटिंग, डोळ्यांनी पाहिलं. दोन राहिले होते, तेही नव्याने बनवले.

यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन बाहेर उघडा पडतो. डेटाबेसचा पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे फक्त त्याच मशीनच्या पत्त्याला, बांधा.

आता बारा कंटेनरचे लॉग मिळून फार तर १.२ जीबी होतील. डिस्कवर १३ जीबी वापरात आहेत, प्लॅन जुनाच आहे. वर्करला नवा पत्ता दिलाय. काल त्याचा लॉग उघडला तर सुरू झाल्याच्या दोनच ओळी होत्या.