पर्ची सौंसरची, कंट्रोल नागपूरचं: साडेतीन स्टार

सेवेचं सरकारी नाव ‘एक देश एक रेशन कार्ड’. म्हणजे एका राज्याचं रेशन दुसऱ्या राज्यातल्या कंट्रोलात, रेशन दुकानात, उचलता येतं. मी दोन वर्षांपासून वापरतो आहे, म्हणून लिहितो.

मी टाइल्स मिस्त्री. गाव सौंसरकडे, खोली नागपूरच्या झिंगाबाई टाकळीत. घरात मराठीच, पण कागदावर आम्ही मध्य प्रदेशचे. 1956 पर्यंत नागपूर आमचीच राजधानी होती. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागले तेव्हा त्यांना ‘बाहेरून आलेला’ म्हणायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आता मात्र खोली भाड्यानं घेतानासुद्धा पहिला प्रश्न तोच.

आधी दर महिन्याला गावाहून तांदळाचं पोतं बसच्या टपावर टाकून आणायचो. एक रोज बुडायचा, वर पोत्याचं भाडं. ठिय्यावर, म्हणजे मजूर उभे राहतात त्या चौकात, हेल्पर घ्यायला गेलो तर बालाघाटचा एक पोरगा म्हणाला, ‘काहून फुकट हेलपाटे मारता मिस्त्री? इथंच कंट्रोलात अंगठा लावा.’ महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे ही सोय 1 जानेवारी 2020 पासून आहे. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

गेलो. दुकानदार म्हणाला, ‘कार्ड कुठी हाय?’ आता आमच्याकडे पुस्तकासारखं कार्ड नसतं, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारनं दिलेला कुटुंबाचा नंबर) आणि पात्रता पर्ची (रेशनला पात्र असल्याची चिठ्ठी) असते. त्यानं पर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. मी म्हटलं, आधार नंबर तरी टाकून पहा. टाकला. मशीनवर घरच्या पाचही जणांची नावं आली. तो स्वतःच चकित. ‘नाव तं येऊन रायलं बापा!’

मग अंगठा. ग्राउट आणि व्हाइट सिमेंटमध्ये बारा वर्षं घातलेली बोटं. रेषा राहिल्यातच कुठं! उजवा अंगठा नाही, डावा नाही, तर्जनी नाही. मागं रांग, पुढं मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’. फडक्यानं पुसलं, नळाखाली धुतलं, शेवटी मधलं बोट लागलं. तेव्हापासून बायकोच जाते. तिचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो, आणि ती हे मला दर महिन्याला ऐकवते.

खरी फजिती पहिल्याच महिन्यात झाली. माणशी 5 किलो, पाच माणसं, 25 किलो. दुकानदारानं पूर्ण मोजून दिले, मीही खुशीत पोतं सायकलवर घातलं. आठ दिवसांनी आईचा फोन. ‘काऊन रे, माल तुनंच उचलला का?’ ती आणि मोठा पोरगा गावीच असतात. गावच्या दुकानात तिला सांगितलं, तुमचा या महिन्याचा माल नागपुरात गेला. बिचारी रिकामी पिशवी घेऊन परत. त्या महिन्यात तिच्यासाठी 10 किलो मला बसनंच पाठवावे लागले. म्हणजे पोतं उलट्या दिशेनं निघालं, एवढाच फरक.

वाटून घेता येतं, हे तेव्हा कोणीच बोललं नाही. आता बायको दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सांगते, ‘आमचे तीन माणसांचे 15 च टाका, 10 गावाले राहू द्या.’ मशीनमध्ये वजन टाकायच्या आधीच सांगायचं. पावती निघाली की संपलं.

धान्य फुकट आहे, 2023 पासून पैसे लागत नाहीत. गहू बरा असतो, तांदूळ कधी कधी तुकड्याचा. राज्य सरकार आपल्या लोकांना वरून जे काही देतं ते दुसऱ्या राज्यात मिळत नाही. सणाला इथल्या लोकांना किट मिळालं तेव्हा आमची पिशवी तशीच. दिवाळीत ते जरा लागलंच. एक स्टार त्याचा कापला. अर्धा त्या दुकानदाराचा, जो अजूनही नव्या माणसाला ‘बाहेरच्यांचा माल महिनाअखेरीस’ म्हणून परत पाठवतो. तसा काही नियम नाही. असं कोणी म्हटलं तर त्याच्यासमोरच 14445 या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी लावला होता. फोन लागायच्या आधीच त्यानं मशीन पुढं सरकवलं.

आणि हो, मिस्त्री लोकांनो, आधारला मोबाइल जोडून ठेवा. बोट नाहीच लागलं तर ओटीपी चालतो का, हे दुकानात विचारा. माझा जुना नंबर अजून तसाच आहे, पुढच्या सोमवारी जातो.